दर पाचवं पान

आमच्या घरात वर्ष एक एप्रिलला सुरू व्हायचं. जानेवारीत भिंतीवरचं कॅलेंडर बदललं जायचं, पाडव्याला शेजारच्या क्वार्टरांवर गुढ्या दिसायच्या, आणि बाबा म्हणायचे, "अजून कुठं वर्ष संपलंय? मार्च जाऊ दे की." ते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार मालाचे लॉट त्यांच्यापुढे यायचे, त्यातले नमुने उचलून ते तपासायचे आणि अख्ख्या लॉटवर पास किंवा रिजेक्ट असा शेरा मारायचे. वीस वर्षं हेच केलेल्या माणसाला घरीही दुसरं काही सुचत नाही हे मला आता कळतं. तेव्हा नुसता संताप यायचा. आईने आणलेल्या किलोभर वांग्यांतली चार वांगी ते खिडकीपाशी नेऊन उलटीपालटी करून बघायचे, आणि त्यातली दोन किडकी निघाली की सगळी पिशवी परत. आई पदर खोचून म्हणायची, "अहो, वांगी हायत ती. तोफेत नाही घालायची."

दोन खोल्या, मागे न्हाणी आणि पुढे हातभर व्हरांडा, एवढंच आमचं क्वार्टर. पहाटेच्या भोंग्याबरोबर आईची भाकरी थापायला सुरुवात व्हायची, त्या थपथपीवर बाबांची बुद्धवंदना चालायची, आणि मध्येच कुठूनतरी चाचणीचा धडाका झाला की मांडणीतली ताटं किणकिणायची. पाहुणे दचकायचे, आम्ही नाही. माझ्या बहुतेक आठवणींना हुलग्याच्या माडग्याचा आणि तव्यावर भाजलेल्या बोंबलाचा वास आहे. बोंबील भाजला की वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या, आणि आई ते बघून आणखी दोन बोंबील तव्यावर टाकायची. लिहायला मी व्हरांड्यात बसायचे, एका लाकडी पेटीवर. येणारा-जाणारा प्रत्येक जण "काय, अभ्यास का?" असं विचारायचा. नाही म्हटलं तर "मग काय?" असा पुढचा प्रश्न यायचा, म्हणून मी हो म्हणायचे.

बीए झालं आणि मी घरात जाहीर केलं की मला कादंबरी लिहायची आहे. खरं तर हे मी आधी कॉलेजातल्या मराठीच्या सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "वा, आपण लिहिता? वाचताही का?" त्यानंतर घरी सांगायला काही वाटलं नाही, त्याहून वाईट काय होणार होतं? पण बाबांनी सरांसारखी थट्टा केली नाही. त्यांनी ते मनावर घेतलं, आणि माझा छळ तिथून सुरू झाला. त्याच सुमाराला कारखान्याच्या ऑफिसात कारकुनांची भरती निघणार होती. बाबांच्या ओळखीतल्या सगळ्यांची मुलं फॉर्म भरणार होती. बाबांनी रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला आणि हात धुऊन आल्यावर सांगितलं, "माझ्या आज्ज्यानं अख्ख्या जन्मात अंगठाच लावला. बाप चाळिशीत सही शिकला. मी मॅट्रिक. आन् तू आता पुस्तक लिव्हणार म्हणतीस. चांगलं हाय. पण मग ते रीतसर झालं पाहिजे. एक वर्ष देतो. तीनशे पानांचं टारगेट. पुरं झालं तर पुढचं वर्षही तुझं, कुणी फॉर्मचं नाव काढणार नाही. नाही झालं तर पुढल्या भरतीचा फॉर्म भरायचा, कुरकुर न करता."

मी लगेच हो म्हटलं. महिन्याला पंचवीस पानं म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं. ज्याने एकही पान लिहिलेलं नसतं त्याला असंच वाटतं. बाबांनी दाराच्या मागे खडूने बारा रकाने आखले, एप्रिल ते मार्च, आणि खाली लिहिलं: रविवारी सुट्टी. आई म्हणाली, "दोघं मिळून माझ्या डोक्याची मंडई करणार आता." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं.

आता हे लिहिताना हसू येतं, कारण परवाच माझ्या मुलीने, आर्याने, मला खराडीतल्या एका लेखनगटात नेलं होतं. ती तिथल्याच एका कंपनीत आहे, आणि कंपनीतली आठदहा मुलं शनिवारी कॉफी पीत कादंबऱ्या लिहितात. प्रत्येकाने आपापलं वर्षाचं उद्दिष्ट सांगितलं. कुणाचे ऐंशी हजार शब्द, कुणाचा पहिला खर्डा दिवाळीपर्यंत. सगळ्यांच्या फोनमध्ये शब्द मोजणारं काहीतरी आहे आणि ते दर संध्याकाळी टुंग वाजून आठवण करतं. शेवटी एका मुलाने अदबीने विचारलं, "मॅम, तुमचं या वर्षीचं गोल काय?" मी म्हटलं, गुडघे. परतताना गाडीत आर्या चिडली. "आई, कन्सिस्टन्सी इम्पॉर्टंट असते ना! टारगेट नसेल तर माणूस लिहिणारच नाही." टारगेट या शब्दाबद्दल मला कुणी काही शिकवू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझा लॉट तपासणीला जायचा. बाबा शिफ्टवरून यायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे. मग चष्मा लावून लाल पेन्सिल कानावर ठेवायचे. पंचवीस पानांतली पाच पानं नमुना म्हणून काढायचे आणि तीच वाचायचे, ओठ हलवत, अर्धा अर्धा तास. पाचांतलं एक नापास झालं तर चालायचं, दोन झाली तर सगळा लॉट परत. मी समोर चटईवर बसायचे आणि आई आतून कान देऊन ऐकायची. शेरे असे असायचे: 'हा माणूस पानभर बोलतो, पण कामावर कधी जातो?' किंवा 'नायिका तीन वेळा रडली. कारण दाखवलेलं नाही.' एकदा तर त्यांनी लिहिलं, 'या घरात स्वयंपाक कोण करतं?' मी म्हणायचे, "बाबा, हे साहित्य आहे, वांगी नाहीत." ते म्हणायचे, "वांग्यालासुद्धा आतून बघावं लागतं." आणि पास झालेली पानं ते त्या लाकडी पेटीत ठेवून कुलूप लावायचे, कारण पास झालेल्या मालाला पुन्हा हात लावायचा नसतो. माझी कादंबरी, आणि मलाच ती उघडून बघता येत नव्हती! मागे काय लिहिलंय ते आठवेना म्हणून माझ्या नायिकेचा काका दोनदा मेला.

ऑगस्टमध्ये माझा पहिला लॉट पडला. दोन पानं नापास. बाबांनी पंचवीसच्या पंचवीस पानं माझ्या हातात परत दिली, वर रिजेक्ट असं लिहून, तारीख घालून. मी म्हटलं, "बाकीची तेवीस पानं तुम्ही वाचलीसुद्धा नाहीत." "वाचायची गरज नसती. नमुना बोलतो." मी एवढी रडले की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली. ती बाबांना म्हणाली, "पोरीला छळताय कशापायी? एवढं बारीक तुमचा साहेबसुद्धा बघत नसंल." बाबा म्हणाले, "नापास माल पुढं गेला तर माणूस मरतो." आई म्हणाली, "कादंबरीनं कोण मरतंय?" तरी बाबांनी शेरा बदलला नाही. त्या महिन्याची पंचवीस पानं आता पुढच्या महिन्यांच्या डोक्यावर बसली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

रागाने माणसाची नजर तयार होते. त्या रात्री परत आलेली पानं चाळताना माझ्या लक्षात आलं की लाल खुणा गठ्ठ्यातल्या पाचव्या, दहाव्या, पंधराव्या, विसाव्या आणि पंचविसाव्या पानांवरच आहेत. मागचे महिने आठवून पाहिले. तेच. बाबा दर पाचवं पान उचलत होते. मालाच्या रांगेतला दर अमुकावा नग उचलायची त्यांच्या हाताला सवय होती, आणि मी पानांवर ठळक आकडे घालून त्यांचं काम सोपं करून ठेवलं होतं. आता एवढं कळल्यावर शहाण्या मुलीने काय करायला हवं होतं ते मला माहीत नाही. मी काय केलं ते सांगते. सप्टेंबरपासून मी दर पाचवं पान जिवापाड सजवून लिहायला लागले. त्यासाठी मी वैदेही नावाची एक नवीन नायिकाच काढली. ती प्रभात रोडवरच्या बंगल्यात राहायची. ते बंगले मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिले होते. ती कारणाशिवाय रडायची नाही, तिच्या घरी स्वयंपाकीण होती आणि तिच्या बोलण्यात एकही चूक नसायची. बाबांचे सगळे आक्षेप आधीच भागवून टाकलेली बाई होती ती. पास, पास, पास. बाबांना काही कळत नाही याचा मला आसुरी आनंद व्हायचा.

आणि मधली चार पानं? ती फक्त भरायची होती. सुरुवातीला मी त्यात जुन्या वह्यांतले निबंध उतरवले. ते संपले तेव्हा जे हाताला येईल ते लिहायला लागले, आणि हाताला राग येत होता. कुणी वाचणारच नाही म्हटल्यावर कसली भीड? वरच्या काकूंची खिडकी, आईचे जास्तीचे बोंबील, न्हाणीच्या दाराची तुटलेली कडी, दारामागचे खडूचे रकाने. बाबा वाचताना ओठ कसे हलवतात ते लिहिलं. जेवताना भाकरीचे चार सारखे तुकडे करूनच कशी सुरुवात करतात ते लिहिलं. वैदेहीचं एक पान लिहायला मला दोन दिवस लागायचे. ही चार पानं एका दुपारी व्हायची, आणि मी त्यांना कचरा समजत होते.

मार्चमध्ये माझी पंचावन्न पानं बाकी होती. मार्चमध्ये बाबाही ओव्हरटाइम करायचे, त्यामुळे मागे पडलेल्या माणसाबद्दल त्यांना त्या एका महिन्यात सहानुभूती असायची. त्यांनी मला भांडी माफ केली. "मार्चला सगळं माफ, फक्त आकडा मागं पडता कामा नये." आई भांडी घासताना ती मुद्दाम आपटायची. मी दिवसाला दोन पानांच्या गतीने पळत सुटले, आणि त्या धावपळीत, दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या पानावर, मी स्नेहसंमेलनाचा दिवस लिहून टाकला. तो कुणालाच सांगितला नव्हता. कॉलेजात माझ्या एकांकिकेला बक्षीस मिळालं होतं आणि बाबा शिफ्टवरून थेट आले होते, खाकी ड्रेसवर. मी लिहिलं की कपडे मळलेले होते, पावडरीने बोटं पिवळी पडलेली होती, आणि ते खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभे होते. माझी मैत्रीण मेधा सदाशिव पेठेतली. तिने हळूच विचारलं, "हे कोण गं?" आणि मी म्हटलं, "आमच्या क्वार्टरांमधले आहेत एक. ओळखीचे." बाबा दोन हातांच्या अंतरावर होते. सभागृहात टाळ्या चालल्या होत्या, त्यांनी ऐकलं नसणार, असं मी स्वतःला बजावलं होतं. हे सगळं मी एका पानात लिहिलं आणि दोनशे अठ्ठ्याऐंशीला लागले, कारण आकडा गाठायचा होता.

एकतीस मार्चला संध्याकाळी तीनशेवं पान संपलं. बाबा आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मी शेवटचा गठ्ठा पुढे ठेवला आणि वर्ष जिंकल्याच्या थाटात उभी राहिले. बाबांनी गठ्ठा उचलला, पण नमुन्याची पानं काढली नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान वाचायला बसले. मी म्हटलं, "नमुना घ्या ना." त्यांनी पान उलटलं. आईने दिवा लावला, भाकरी झाल्या, वाढून ठेवलेलं गार झालं, तरी ते वाचतच होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी पेटी उघडून त्यांनी सप्टेंबरपासूनचे सगळे गठ्ठे बाहेर काढले आणि विचारलं, "ही वैदेही कोण गं?"

"नायिका आहे," मी म्हटलं.

"पाचव्या पानाला येती, सहाव्याला नसती. दहाव्याला परत येती. मधल्या वेळात ही बाई जाती कुठं?"

"तुम्ही... सगळी पानं वाचलीत?"

"ऑगस्टचा लॉट पाडला तवा तुझी आई बोलली, ते डोक्यात राहिलं. म्हटलं, आपलंच चुकत असंल. आन् लॉट पडला की पुढचे सगळे शंभर टक्के तपासायचे, तसा नियमच हाय. सप्टेंबरपासून एकूण एक पान वाचलंय मी. जेवणाच्या सुट्टीत नेऊन वाचायचो." त्यांनी गठ्ठे दोन ढिगांत लावले. एक छोटा, एक मोठा. छोट्यावर हात ठेवून म्हणाले, "ही सगळी रिजेक्ट. सुटी सुटी बघून पास केली, तिथं चुकलो. ही बाई भाकरी खात नाही, पाणी पीत नाही, माणूसच नाही ती. चाळीस पानं हायत." मग मोठ्या ढिगावर हात ठेवला. "हे बाकीचं कुणी लिहिलंय ते मला माहीत नाही. पण तिला येतं लिव्हायला."

मला एवढंच ऐकू आलं. मी म्हटलं, "म्हणजे पास ना? वर्ष दिलं ना?"

"तीनशेतून चाळीस गेली. किती ऱ्हायली?"

"बाबा!"

"दोनशे साठ. टारगेट तीनशेचं होतं. फॉर्म भर."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुम्हाला आकड्यांपलीकडे काही दिसत नाही म्हटलं, तुमच्या कारखान्यात मी पाय ठेवणार नाही म्हटलं, फॉर्म फाडून टाकीन म्हटलं. आई मध्ये पडली. "अहो, तुम्हीच म्हणता ना येतं तिला? मग द्या की वर्ष, कशाला ताणून धरताय?" बाबा म्हणाले, "येतं म्हणून लबाडी चालती असं कुणी सांगितलं?" आणि ते जेवायला बसले, भाकरीचे चार तुकडे करून. मला आज साठी उलटल्यावरही त्या चाळीस पानांचा राग येतो. बरोबर होते ते, म्हणून जास्त येतो.

मी मोठा ढीग उचलला आणि व्हरांड्यात जाऊन बसले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने पास, सही, तारीख. आईच्या बोंबलांवर पास. त्यांच्या हलणाऱ्या ओठांवर पास. मी भराभर उलटत होते, कारण मला एकच पान शोधायचं होतं. ते त्यांनी बाजूला काढून ठेवलं असेल, निदान सही तरी केली नसेल, अशी माझी खात्री होती. दोनशे सत्त्याऐंशी आपल्या जागेवरच होतं. मजकुराखाली, उरलेल्या जागेत, नेहमीच्या बारीक अक्षरात शेरा होता: 'कपडे त्या दिवशी धुतलेले होते. सकाळी मुद्दाम बदलून गेलो होतो. बाकी सर्व बरोबर. पास.' आणि सही.

बाकी सर्व बरोबर. म्हणजे त्या दिवशी त्यांनी ऐकलं होतं. ऐकून घरी आले होते, माझं बक्षीस वरच्या काकूंना दाखवून आले होते, आणि दोन वर्षं एक शब्द बोलले नव्हते. मी तिथेच बसून राहिले. आत आई बाबांना आणखी एक भाकरी घ्या म्हणत होती आणि ते नको म्हणत होते. मला आत जाऊन काहीतरी बोलायचं होतं, पण काय बोलायचं ते मला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर नंतरही कधी सुचलं नाही.

फॉर्म मी दुसऱ्या दिवशी भरला. जागा मिळाली. पुढची सहा वर्षं, बाबा निवृत्त होईपर्यंत, आम्ही दोघं सकाळच्या भोंग्याला एकाच फाटकातून आत जायचो, आणि कुणी विचारायच्या आत मी सांगायचे की हे माझे वडील. बाबा वैतागायचे. "सगळ्यांना ठाऊक हाय गं, कशाला सांगत बसतीस?" लिहायचे मी जेवणाच्या सुट्टीत, टारगेट न ठरवता, कधी आठवड्यात एक पान तर कधी महिन्यात एकही नाही. कादंबरी यायला नऊ वर्षं लागली. त्यात वैदेही नाही. स्नेहसंमेलनाचं पान आहे, जसंच्या तसं, आणि त्यात मी एकच बदल केला आहे. कपडे धुतलेले आहेत.